ग्रेस हॉपर आणि टेस्टची शिस्त: कागदावरचा नियम मशीनकडे कसा गेला



ग्रेस हॉपर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. कोबॉल भाषा, आणि कम्प्युटरच्या रिलेमध्ये अडकून मेलेला तो पतंग नावाचा कीटक, एवढ्या दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव घेतलं जातं. मी मात्र त्यांच्याकडे वळलो ते वेगळ्याच कारणाने. माझ्या हातून एक चूक झाली होती.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कंपनीत होतो. ऑनलाइन ऑर्डरचं बिल तयार करणारा कोड आमच्या टीमकडे होता. एका सहकाऱ्याने सवलतीच्या हिशोबात बदल केला. मी तो बदल तपासला, मंजूर केला, टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, रिलीज झालं. तीन दिवसांनी कळलं की दोन कूपनं एकत्र लावली की सवलत दोनदा वजा होतेय. गंमत म्हणजे नेमकी हीच परिस्थिती तपासणारी टेस्ट आमच्याकडे लिहिलेली होती. ती चाललीच नव्हती! त्याच फाइलमध्ये कोणीतरी दुसऱ्या एका टेस्टला डॉट ओन्ली लावलं होतं आणि काढायला विसरलं होतं. जेस्टमध्ये असं केलं की त्या फाइलमधली तेवढीच टेस्ट चालते. ४१ पैकी ४० टेस्ट गाळल्या गेल्या होत्या.

जेस्टने शेवटच्या ओळीत गाळलेल्या टेस्टचा आकडा दाखवलाही होता. पण आमच्याकडे कायमच शे-दीडशे टेस्ट गाळलेल्या असायच्या, त्यामुळे तो आकडा बघायची सवयच मोडली होती.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. टेस्ट कशा लिहाव्यात याचं ११ पानांचं डॉक्युमेंट आमच्याकडे होतं. कमिट करण्याआधी ओन्ली काढा, हा नियम त्यात होता. आणि ते डॉक्युमेंट मी स्वतः लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी शोधत बसलो की लोक असे नियम पाळून घेतात तरी कसे. त्या वाचनात ग्रेस हॉपर यांच्या आयुष्यातला एक कमी चर्चेत असलेला भाग सापडला. तो सांगायचा तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून झाली. आईच्या लक्षात आल्यावर मुलीला यापुढे फक्त एकाच घड्याळाची परवानगी मिळाली.

पुढे १९२८ मध्ये व्हॅसर कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते लग्न पुढे मोडलं, पण हॉपर हे आडनाव त्यांनी आयुष्यभर ठेवलं. व्हॅसरमध्येच त्या गणित शिकवत होत्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जवळपास ३७, आणि वजन नियमापेक्षा कमी. खास सूट घेऊन डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या जुलैमध्ये हार्वर्डला, हॉवर्ड एकेन यांच्या मार्क वन या यंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

वह्यांमधून नक्कल

मार्क वन म्हणजे ५१ फूट लांबीचं, साधारण ५ टन वजनाचं यंत्र. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून. हॉपर यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि त्याचं ५६१ पानांचं मॅन्युअलही तयार केलं, ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं.

पतंगाची गोष्टही याच काळातली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या यंत्राच्या रिलेत तो सापडला आणि लॉगबुकमध्ये चिकटवला गेला. तो हॉपर यांनी स्वतः काढला नव्हता, आणि बग हा शब्दही इंजिनिअर लोकांमध्ये आधीपासून होता. पण त्या ही गोष्ट इतकी रंगवून सांगायच्या की ती त्यांच्या नावावर जमा झाली.

आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत त्या इथल्या वह्या. साइन किंवा कोसाइन काढायचा कोड एकदा नीट चालला की प्रोग्रॅमर तो वहीत लिहून ठेवायचे. दुसऱ्याला लागला की तो वहीतून उतरवून घ्यायचा. आज आपण जुन्या फाइलमधून टेस्ट कॉपी-पेस्ट करतो ना, तसंच.

१९४९ मध्ये हॉपर एकर्ट-मॉक्ली कंपनीत गेल्या. युनिव्हॅक हा कम्प्युटर बनवणारी ही कंपनी. तिथेही हेच चाललेलं होतं, आणि उतरवताना चुका व्हायच्या. युनिव्हॅकवर रिकाम्या जागेसाठी डेल्टा हे ग्रीक अक्षर लिहायचे. घाईत काढलेला डेल्टा इंग्रजी ४ सारखा दिसायचा. बी हे अक्षर सुटं पडलं की १३ वाटायचं. पत्त्यांचे आकडे बदलताना बेरजा चुकायच्या. ही सगळी माणसं गणितात हुशार. तरी चुका व्हायच्याच.

हॉपर यांचा स्वतःचाही एक किस्सा आहे. बायनॅक या कम्प्युटरवर काम करताना त्यांनी अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पायावर, बेरीज-वजाबाकी करायची सवय लावून घेतली. मग बँकेच्या चेकबुकाचा हिशोब काही जुळेना. बँकेत काम करणाऱ्या त्यांच्या भावाने शोधून काढलं की बाईसाहेब अधूनमधून अष्टमानात वजाबाकी करताहेत!

यावर माणसांना जास्त काळजी घ्यायला सांगणं हा एक उपाय होता. हॉपर यांनी उतरवण्याचं कामच मशीनला दिलं. १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो हा कम्पायलर तयार केला. तपासून घेतलेले कोडचे तुकडे चुंबकीय टेपवर ठेवायचे, प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा, आणि प्रोग्रॅमरने फक्त तो क्रमांक लिहायचा. पुढचं शोधणं, उतरवणं आणि जोडणं कम्प्युटर करणार. आजच्या अर्थाने तो पूर्ण कम्पायलर नव्हता, पण वाट तिथून सुरू झाली.

एक भाषा आणि तिच्या बोली

नंतर फ्लो-मॅटिक आली. हिशोबाची कामं इंग्रजी शब्दांत लिहिता येतील अशी ही भाषा. १९५९ च्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक झाली, सगळ्या कम्प्युटरवर चालेल अशी व्यवसायासाठीची एक भाषा हवी असं ठरलं आणि त्यातून कोबॉल जन्माला आली. कोबॉल एकट्या हॉपर यांनी बनवली असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. ती समितीने बनवली. हॉपर सल्लागार होत्या आणि फ्लो-मॅटिकचा तिच्यावर मोठा ठसा होता.

डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक टू या दोन वेगळ्या कंपन्यांच्या कम्प्युटरवर चालवून दाखवला गेला. त्या काळात हे फार मोठं काम होतं.

पण पुढे काय झालं? प्रत्येक कंपनीने आपला कम्पायलर बनवला आणि प्रत्येकाने कोबॉलचा थोडा वेगळा अर्थ लावला. कोणी एखादी सोय जास्तीची दिली, कोणी एखादी गाळली. नियमांचं पुस्तक सगळ्यांकडे होतं, पण एका कम्प्युटरवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच याची खात्री राहिली नाही. नौदलाकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे कम्प्युटर होते, त्यामुळे त्यांना हा त्रास रोजचाच होता.

मला इथे माझं ११ पानी डॉक्युमेंट आठवलं. आमच्याकडे तर कंपनी एकच, तरी कोणी टेस्ट लिहून सुरुवात करायचं, कोणी इट लिहून. कोणी टेस्टचं नाव पूर्ण वाक्यात देई, कोणी नुसतं सवलत २ असं. डॉक्युमेंट सगळ्यांकडे होतं.

निवृत्तीनंतरचं खरं काम

१९६६ च्या अखेरीस वयाच्या नियमाप्रमाणे हॉपर नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या. जेमतेम सात महिने गेले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलाने त्यांना परत बोलावलं. कोबॉलचा हा गोंधळ निस्तरायचा होता. नेमणूक सहा महिन्यांची होती, ती पुढे बेमुदत झाली.

१९६८ मध्ये कोबॉलचं अमेरिकन राष्ट्रीय मानक आलं. पण हॉपर आणि त्यांचा गट मानकाच्या पुस्तकावर थांबला नाही. त्यांनी कम्पायलर तपासणारे प्रोग्रॅम तयार केले. हे प्रोग्रॅम कोबॉलमध्येच लिहिलेले. विक्रेत्याचा कम्पायलर घ्यायचा, त्याच्यावर ते सगळे चालवायचे आणि कुठे मानक पाळलंय, कुठे नाही, याचा छापील अहवाल बघायचा. म्हणजेच ऑटोमेटेड टेस्ट सूट! सरकारी खरेदीसाठी कम्पायलरची अशी तपासणी पुढे रीतसर होऊ लागली. त्यामुळे विक्रेत्यांना मानकाकडे काणाडोळा करणं महागात पडू लागलं.

याच परंपरेतला, १९८५ च्या कोबॉल मानकासाठीचा टेस्ट संच आजही मिळतो. ग्नूकोबॉल हा मुक्त कम्पायलर अजूनही त्यावर तपासला जातो. मी तो उघडून बघितला आणि माझा प्रश्न तिथेच सुटला.

सगळ्या टेस्ट एकाच साच्यात

या संचात शेकडो प्रोग्रॅम आहेत आणि सगळे एकाच साच्यातले. प्रोग्रॅमच्या नावाची पहिली दोन अक्षरं भाषेचा कोणता भाग तपासतोय ते सांगतात. एनसी म्हणजे भाषेचा गाभा, एसक्यू म्हणजे क्रमाने वाचायच्या फाइल, आयएक्स म्हणजे इंडेक्स असलेल्या फाइल, एसटी म्हणजे सॉर्ट. नाव वाचलं की बिघाड कुठे आहे ते अर्धं कळतं.

आत प्रत्येक टेस्टची मांडणीही ठरलेली. टेस्ट पास झाली की पास नावाचा परिच्छेद चालवायचा. नापास झाली की फेल चालवायचा, आणि त्याच्याबरोबर दोन गोष्टी नोंदवायच्या: कम्पायलरने काढलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर. अहवालात ही दोन्ही उत्तरं दिसतात. नापास टेस्टचा अर्थ लावायला तिचा लेखक शोधत फिरावं लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट. एखाद्या कम्पायलरवर एखादी टेस्ट गाळावी लागली, तर त्यासाठीही ठरलेला परिच्छेद आहे. तो त्या टेस्टसमोर टेस्ट गाळली असा शेरा छापतो आणि वेगळ्या मोजणीत एक वाढवतो. शेवटच्या हिशोबात किती पास, किती नापास आणि किती गाळल्या हे स्वतंत्र येतं. गाळायला बंदी नाही, पण गुपचूप गाळायची सोय नाही.

आमच्या त्या ४० टेस्ट गुपचूपच गेल्या होत्या. आकडा छापला जात होता खरा, पण त्यावर काहीही अडत नव्हतं.

मग लिंटर काय करतो?

आता आपल्या काळात येऊ. लिंट हा मूळ प्रोग्रॅम बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी लिहिला. लिंट म्हणजे कपड्यावर बसणारे बारीक तंतू. कोड न चालवता, नुसता वाचून, असे तंतू वेचून काढणारा प्रोग्रॅम तो लिंटर. जावास्क्रिप्टसाठी २०१३ पासून ईएसलिंट आहे, आणि जेस्टच्या टेस्टसाठी त्याचं वेगळं प्लगइन मिळतं. पायथॉनमध्ये पायटेस्टसाठी रफमध्ये तसेच नियम आहेत.

आम्ही ११ पानांतला एकेक नियम घेतला आणि बघितलं की हा मशीनला सांगता येतो का. बरेच सांगता आले. त्यातले महत्त्वाचे असे:

१. नो-फोकस्ड-टेस्ट्स: डॉट ओन्ली राहिलं तर एरर. माझी चूक इथे अडली असती.

२. नो-डिसेबल्ड-टेस्ट्स: स्किप केलेली टेस्ट दाखवून देतो. खरंच गाळायची असेल तर त्या ओळीपुरता नियम बंद करायचा आणि शेजारी कारण लिहायचं, असं आम्ही ठरवलं.

३. एक्सपेक्ट-एक्सपेक्ट: टेस्ट आहे, पण आत काहीच तपासलं जात नाही, अशी टेस्ट पकडतो. अशी टेस्ट सहसा हिरवीच येते, म्हणून जास्त घातक.

४. नो-कंडिशनल-एक्सपेक्ट: तपासणी इफमध्ये किंवा कॅचमध्ये लपली असेल तर सांगतो. एरर आलीच नाही तर कॅच चालत नाही, तपासणी होत नाही आणि टेस्ट मात्र पास होते.

५. नो-आयडेंटिकल-टायटल: एकाच गटात एकाच नावाच्या दोन टेस्ट चालत नाहीत. नापास झालेली नेमकी कोणती, हा वाद संपतो.

६. कन्सिस्टंट-टेस्ट-इट: टेस्ट आणि इट ही जेस्टमध्ये एकाच गोष्टीची दोन नावं. कुठे कोणतं वापरायचं ते एकदा ठरवायचं, पुढे लिंटर बघेल.

यातला शेवटचा नियम निव्वळ दिसण्याचा वाटतो. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सगळ्या फाइल एकसारख्या झाल्यावर वेगळी ओळ लगेच डोळ्यात भरायला लागली. आधी प्रत्येक फाइलची तऱ्हाच वेगळी, त्यामुळे एक डॉट ओन्ली त्या गर्दीत मला दिसलं नव्हतं.

जुन्या कोडवर पहिल्यांदा लिंटर चालवलात तर तक्रारींचा ढीग येईल. घाबरू नका. आम्ही आधी फक्त फोकस्ड टेस्टचा नियम एरर म्हणून लावला, बाकीचे वॉर्निंग ठेवले. मग एकेक फोल्डर साफ करत गेलो. साफ झालेल्या फोल्डरला नियम एरर केले. सगळं झाल्यावर सीआयमध्ये वॉर्निंगची मर्यादा शून्य केली, म्हणजे एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड अडणार. हा शेवटचा टप्पा टाळू नका. काहीही न अडवणारी वॉर्निंग म्हणजे आमची ती शेवटची ओळ, कोणी न वाचलेली.

उलट फिरणारं घड्याळ

आता तुम्ही म्हणाल, एवढे नियम आले की काम रटाळ होणार. हॉपर यांच्याबाबतीत उलट घडलं होतं. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, ते उलट्या दिशेने फिरायचं. इथे कायम असंच करतात, या कारणाची त्यांना भयंकर चीड होती. ते घड्याळ त्यासाठीच. वेळ तेही बरोबर दाखवतं, फक्त सवय मोडावी लागते.

व्याख्यानांना जाताना त्या सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि लोकांना वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून कळावं म्हणून. कोणताही नियम कारणासकट समजला पाहिजे, हा त्यांचा खाक्या.

म्हणून आम्हीही एक पद्धत ठेवली. लिंटरचा नियम लावायचा तर कॉन्फिगरेशनमध्ये त्याच्या वर एका ओळीत कारण लिहायचं. कारण सापडलं नाही तर नियम काढायचा. असे चार नियम आम्ही काढून टाकले. राहिलेले मात्र कोणाला लक्षात ठेवावे लागत नाहीत. रिव्ह्यूमध्ये आता नावावरून आणि मांडणीवरून वाद होत नाहीत, त्यामुळे ही टेस्ट योग्य गोष्ट तपासते का, यावर बोलायला वेळ उरतो. ते लिंटरला कळत नाही. दोन कूपनांची सवलत किती व्हायला हवी, हे आपल्यालाच माहीत असावं लागतं.

शेवटची वर्षं

१९७३ मध्ये हॉपर कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या पदाचं नाव बदलून रिअर ॲडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार म्हणून काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, झोपेत त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पुढे एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

आमचं ११ पानांचं डॉक्युमेंट आता दीड पानाचं झालंय. मशीनला सांगता येत नाही तेवढंच त्यात उरलंय, आणि नवीन आलेला माणूस ते पहिल्याच दिवशी वाचून संपवतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आज एवढंच करा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये डॉट ओन्ली आणि डॉट स्किप शोधा आणि किती सापडतात ते मोजा. मग फोकस्ड टेस्टचा एकच नियम लावा आणि तो सीआयमध्ये अडवेल असा लावा. बाकीचे सावकाश येतील.